टर्कीचं माप

"हलू नका वहिनी. काटा नाचतोय नुसता," नणंद म्हणाली.

मोजणीबाई वजनकाट्यावर श्वास धरून उभी राहिली. तिने छातीशी कवटाळलेला टर्की मान वाकडी करून तिच्या चष्म्याकडे बघत होता. त्याच्या पिसाऱ्याआडून तिला स्वतःचे पायही दिसत नव्हते, मग काट्यावरचा आकडा कुठून दिसणार? म्हणून दर रविवारी हे एक काम नणंदेकडून करवून घ्यावं लागे. आठवड्यात दोघींचं धड बोलणं व्हायचं ते एवढंच.

"सत्त्याहत्तर."

"नीट बघा, वन्सं."

"डोळे फुटले नाहीत माझे. सत्त्याहत्तर. त्यातून तुमचे पासष्ट वजा करा. बारा झाले. गेल्या खेपेला सव्वाअकरा होता." नणंदेने गुडघ्यावर हात टेकून उठता उठता वर पाहिलं. "चढतोय हो तुमचा लाडका. तुमच्या मापाला काही तो जुमानत नाही."

मोजणीबाईने टर्कीला खाली ठेवलं. तो दोन पावलं लटपटत गेला आणि परसातल्या भिंतीशी बसला. तिने मक्याच्या डब्यातलं माप उचललं, भरलं, आणि त्यातली एक मूठ परत डब्यात टाकली.

"काढलीच का?" नणंद दारातून म्हणाली. "शिवशिवतात हात तुमचे."

एकतीस वर्षं मोजणीबाई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रोग्यांची ताटं वजन करून देत आली होती. अमक्या खाटेला भात इतका, तमक्या खाटेला मीठ नाही, साखरवाल्यांना बटाटा अजिबात नाही. आचारी पळीने वाढायचा आणि ती चमच्याने काढून घ्यायची. मोजणीबाई हे नाव तिथेच पडलं आणि तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं. नवऱ्याला साखरेचा आजार निघाला तेव्हा तिने घरातही काटा आणला. सहा वर्षं त्याच्या ताटातला एक घासही तिने न मोजता जाऊ दिला नाही. हा तिचा नेमच होता म्हणा. एवढं करूनही त्याची साखर उतरली नाही, आणि दोन वर्षांपूर्वी तो गेला. घर भावाबहिणीच्या नावावर असल्यामुळे तो गेल्यावर दोघींपैकी कुणी एक उठून जाईल अशी सोय नव्हती. नणंद पुढच्या खोलीत बसून शिवणवाल्यांची काजं-बटणं करायची. मागची खोली आणि परस मोजणीबाईचं होतं.

टर्की आला तो इस्पितळाच्या वळणावर पक्ष्यांचा ट्रक कलंडला तेव्हा. माणसांनी पिंजरे गोळा केले, पक्षी मोजले आणि नेले. हा एक तेवढा पंख फाटलेल्या स्थितीत इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या बंबामागे दडून राहिला. ट्रकवाल्याने पाहिलं आणि, "लंगडा दिसतोय, ठेवा तुम्हालाच," म्हणून तो निघून गेला. मुख्य आचारी सुरी घासायला बसला.

"मोजणीबाई, ह्याचं सूप दोन वॉर्डांना पुरेल बघा. करा हिशेब, कुणाला किती पळ्या."

सगळे हसले. मोजणीबाई हसली नाही. तिने धुवायला निघालेली चादर ओढून घेतली, पक्ष्याला तीत गुंडाळलं आणि सगळ्यांच्या देखत मागच्या दाराने निघाली. आपण हे का केलं ते तिला वाटेत उमगेना. चादरीतून एक काळजीत पडलेला डोळा तेवढा बाहेर दिसत होता.

जनावरांच्या डॉक्टरने पंख शिवला आणि सांगितलं, "बाई, ही जात मांसासाठी वाढवलेली. भूक राक्षसाची आणि पाय आपले साधे. पोटभर घालाल तर स्वतःच्याच वजनाखाली बसेल आणि मग उठायचा नाही. बाराच्या पुढे जाऊ देऊ नका. तो ओरडेल, मागे लागेल, तुमचा जीव तुटेल. तरी मापानेच घाला."

मापाने घालणं एवढं एकच काम तिला नीट येत होतं. ती घरी आली, पण डॉक्टर काय म्हणाला ते तिने नणंदेला सांगितलं नाही. सांगून तरी काय, वाकडंच ऐकणार.

नणंद ऐकत नव्हती, पण बघत मात्र होती. सकाळी सहाला एक माप, संध्याकाळी सहाला एक माप. मधे दिवसभर तो पक्षी रिकाम्या पितळीत चोच आपटायचा. त्या टकटकीने तिची सुई चुकायची.

"वाचवून आणलात तो उपाशी मारायला?" ती म्हणायची. "त्यापेक्षा तो आचारी बरा. एका घावात सोडवलं असतं त्याने."

"तुमचं काम करा तुम्ही."

"करतेच आहे. माझ्या भावाचंही असंच केलंत. शेवटी शेवटी हात बघितले होते का त्याचे? काडीसारखे."

 मोजणीबाई आत जाऊन दार लावून घ्यायची. पण वजनाचं तिला कळेना. ती माप कमी करत होती आणि पक्षी वाढत होता. किडे खात असेल म्हणून तिने परसातली माती उकरून फरश्या टाकल्या. शेजारी कुणी उष्टं टाकत असेल म्हणून भिंतीवर जाळी ठोकली. बारा झाले, साडेबारा झाले. तिने आणखी अर्धी मूठ काढली.

त्या मंगळवारी स्वयंपाकघरातला बंब बिघडला आणि बायांना दुपारीच सोडलं. मोजणीबाई मागच्या बोळाने आली. परसाच्या दाराशी येताच तिला बोलणं ऐकू आलं. असा आवाज तिने या घरात ऐकला नव्हता.

"खा रे राजा. हळू, हळू. कुणी नाही ओढून घेत. ती यायच्या आत एवढं संपवून टाक बघू."

तिने दार ढकललं. नणंद पायरीवर बसली होती. टर्कीची मान तिच्या मांडीवर होती, आणि ती वाडग्यातल्या दुधात भिजवलेल्या पावाचे तुकडे त्याला भरवत होती.

वाडगा लपवायचा नणंदेने प्रयत्न केला नाही. उलट आणखी एक तुकडा बुडवला.

"कधीपासून चाललंय?" मोजणीबाईने विचारलं.

"तुम्ही पहिली मूठ काढलीत तेव्हापासून."

"त्याला उठवा."

"उठत नाही तो. दोन दिवस झाले, दुपारचा उठतच नाही. पाय थरथरतात. अंगात बळ कुठून येणार? म्हणून आज दूध जास्त घातलंय."

मोजणीबाई भिंतीला टेकली. मग डॉक्टरने सांगितलेलं सगळं तिने एका दमात सांगितलं. भूक, पाय, बाराचा आकडा. ऐकता ऐकता नणंदेचा हात वाडग्यात तसाच राहिला.

"हे मला आज सांगताय?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"विचारायचं? तुम्हाला?" नणंद ओरडली तशी टर्कीने मान उचलली. "तोंड उघडता कधी तुम्ही माणसाशी? नुसते चमचे दाखवता!"

"आणि तुम्ही चोरून..." मोजणीबाई मध्येच थांबली.  "वन्सं, तुमच्या भावालाही घालत होतात?"

नणंदेने वाडगा खाली ठेवला.

"तुम्ही कामावर गेलात की. लोणी-साखर लावलेला पाव. भूक लागायची त्याला. रडायचा, वहिनी. पन्नाशीचा माणूस भुकेने रडताना मी कसा बघू? तुम्ही दोन घास कमी केलेत की मी चार घालायची."

"आणि साखर चढली की मी आणखी दोन काढायची," मोजणीबाई म्हणाली.

 त्या वेळी हातात वाडगा असता तर आपण तो नणंदेच्या डोक्यात घातला असता, असं मोजणीबाईला खरोखरच वाटलं. नणंदही तिच्याकडे तशाच नजरेने बघत होती.

डॉक्टर संध्याकाळी आला. त्याने पायांवरून हात फिरवला, सांधे दाबून पाहिले आणि बॅग उघडली.

"आता नाही उठायचा. असाच बसून राहिला तर छातीखाली जखमा होतील, मग किडे. इंजेक्शन देतो. झोपेतच जाईल."

"थांबा," मोजणीबाई म्हणाली. "दिवसभर पाणी प्यायला नाहीये. बसून त्याला नीट पिता येत नाही."

ती त्याच्या एका बाजूला गुडघ्यांवर बसली आणि पंखाखाली हात घातला. एकटीला तो उचलेना. तिने हाक मारली नाही, वरही पाहिलं नाही. नणंद उठली, दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि तिनेही हात घातला. दोघींचे हात त्या गरम पोटाखाली एकमेकींना लागले. कुणी ते मागे घेतले नाहीत.

"तुमच्याकडे ओढू नका," नणंद म्हणाली.

"तुम्ही वर धरा."

त्यांनी त्याला पायांवर उभं केलं. सगळं वजन त्या दोघींनी हातांवर घेतलं होतं. त्याची बोटं फरशीला नुसती टेकलेली होती. तो क्षणभर चकित झाल्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला. मग मान ताणून तो समोरच्या पातेल्यातलं पाणी प्यायला, पुन्हा प्यायला, आणि अंग झाडून त्याने शेपटीचा पिसारा हळूहळू पूर्ण उघडला. पिसं दोघींच्या तोंडावर आली, तरी त्यांनी तोंडं बाजूला केली नाहीत.

डॉक्टर सुई भरून पायरीवर उभा होता.

"बाई, झालं का?"

भाराने दोघींचे हात आता भरून आले होते.

"अजून पितोय," नणंद म्हणाली.