हृदयाचा दुसरा स्कॅन

धर्मपाल रेल्वेतून रिटायर झाले त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ लहानू गेला. त्यानंतर ते कमी बोलू लागले. पुढे हात थरथरायला लागले. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या घरात चहाची बशी वाजायची, खुर्चीतून उठताना चक्कर यायची. एकदा अंगणात पडलेही.

डॉक्टर कौमुदींना कंपवाताची शंका आली. त्यांनी हृदयाचा एक खास स्कॅन करायला सांगितला. "बाकी कोणती औषधं?" असं विचारल्यावर धर्मपाल म्हणाले, "बीपीची. बस."

रिपोर्टच्या दिवशी बायको कांताबाई आणि मुलगी पायल सोबत होत्या. कौमुदींनी चित्र दाखवलं. हृदयाच्या जागी उजेड दिसायला हवा होता, तिथं जवळपास अंधारच होता.

"म्हणजे हार्ट खराब झालं का?" कांताबाईंनी विचारलं.

"नाही. हृदयाला जाणाऱ्या नसा तिथं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचं रसायन सोडतात. त्यानं ठोके वाढतात. काम झालं की ते तिथंच साचून चालत नाही. थोडं रक्तासोबत वाहून जातं, थोडं तिथंच मोडतं, पण बहुतेक सगळं तीच नस परत आत ओढून घेते. आम्ही टोचलेलं औषध त्या रसायनासारखंच असतं, नस तेही ओढते आणि चित्रात उजेड दिसतो. यांच्या नसा ओढत नाहीत. कंपवातात हृदयाच्या या नसाच मरतात, तेव्हा असं होतं. किंवा एखादी गोळी ती वाट अडवते. म्हणून पुन्हा विचारते, दुसरं काही घेता?"

"नाही," धर्मपाल म्हणाले.

"अहो, गॅसची गोळी घेता ना रोज रात्री," कांताबाई म्हणाल्या. "मीच तर पाणी देते."

धर्मपाल खाली बघत म्हणाले, "ते गॅसची नाही."

कांताबाईंनी वळून त्यांच्याकडं बघितलं.

"उदासीची हाय. शंकर नगरच्या डॉक्टरकडून आणतो. लहानू गेला तेव्हापासून."

"पापा, आपने मुझे भी नहीं बताया?" पायल म्हणाली.

कौमुदींनी गोळीचं नाव विचारलं आणि मान हलवली. ही जुन्या जातीची गोळी नेमकी तीच वाट अडवते. हात थरथरणं आणि उठताना चक्कर येणंही तिच्यामुळे असू शकतं. "पण एकदम बंद करू नका. देणाऱ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करू, मग पुन्हा स्कॅन."

बाहेर बाकावर बसल्यावर कांताबाईंनी विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"

"तू म्हणली असती, पेन्शन हाय, पोट्टी नोकरीले लागली, आता रडाले काय झालं."

कांताबाईंनी थोडा विचार केला. "म्हणलीच असती," त्या म्हणाल्या.

गोळी कमी होत गेली तसे दिवस जड गेले. धर्मपालांना झोप लागेना. एका दुपारी जेवता जेवता ते रडले. कांताबाईंनी ताट बाजूला सरकवलं आणि काही न विचारता जवळ बसून राहिल्या.

गोळीचा असर पूर्ण गेल्यावर दुसरा स्कॅन झाला. या वेळी हृदय स्पष्ट दिसलं. "नसा जाग्यावर आहेत, आपलं काम करून राहिल्यात," कौमुदी त्यांच्याच बोलीत म्हणाल्या. "कंपवाताची शक्यता आता फार कमी. तरी लक्ष ठेवू." हाताची थरथर तोवर बरीच ओसरली होती, चक्करही थांबली होती.

उदासी मात्र होती तिथंच होती. तिच्यासाठी वेगळी गोळी ठरवायला ते पुन्हा शंकर नगरला निघाले, तेव्हा कांताबाई चप्पल घालून आधीच दारात उभ्या होत्या. दवाखान्यात त्या मानसोपचार डॉक्टरांनी विचारलं, "कोणाची जास्त आठवण येते?" धर्मपालांनी एकवार बायकोकडं पाहिलं आणि लहानूबद्दल सांगायला सुरुवात केली. तो सायकल कशी वाकडी चालवायचा, तिथपासून.