चिंचेवर उतरलेले कमळ

हेमंतातल्या निळ्या, निरभ्र, निर्लज्ज आकाशात एक शुभ्र कमळ उमलले, आणि वैमानिक नचिकेत दाभोळे वाचला.

असे काही घडलेच नाही.

घडले नाही ते असे. हुरड्याला आलेल्या ज्वारीवर दुपार मधासारखी ओघळत होती. सरकारी उड्डाणशाळेचे म्हातारे विमान मंत्रिमहोदयांच्या वाढदिवसाची पुष्पवृष्टी करायला निघाले होते. कागदोपत्री ते गेल्याच वर्षी भंगारात गेलेले. तेव्हा इंजिनाने वाटेत बंद पडून कागदाचा मान राखला. नचिकेतने उडी घेतली. केशरी, कोसळत्या, कडवट झेंडूच्या पावसातून तो उतरला, पाकळ्यांमागून पाकळीसारखा. चिंचेच्या फांदीवर आपटला. मणका मोडला.

ती हवाई छत्री शाळेत छत्र्यांच्या घड्या घालणाऱ्या इंदुमती खरातच्या हातची. आयुष्यभर ती लांबलचक टेबलावर ते चंद्रवर्णी कापड निजवत आली. घडीवर घडी, दोरीशेजारी दोरी; आणि घडीघडीत एकच प्रार्थना, की माझे काम कुणाला कधी दिसू नये. शाळेची रीत अशी, की छत्रीने वाचलेल्याने घडी घालणारीच्या तळहातावर पेढा ठेवायचा. तोवर तिने पुढची छत्री बांधायची नाही.

"बाई, बांधायला घ्या. भंगारातलं विमान उडालंच नाही, छत्री उघडलीच नाही," प्राचार्य म्हणाले.

"मग दाभोळे सर खाली आले कसे?"

"आलेच नाहीत."

"आणि चिंचेला कोण लोंबकळत होतं, साहेब? वटवाघूळ?"

"चिंचा काढताना पडलेला इसम."

शाळेचे इस्पितळ फक्त आकाशातून पडलेल्यांचे. मणक्याची शस्त्रक्रिया तिथेच होऊ शकत होती, आणि तीही लगेच व्हायला हवी होती. झाडावरून पडलेल्याला तिथे दार नव्हते.

तालुक्याच्या दवाखान्यात, पिवळ्या भिंतीच्या पिवळ्या उजेडात, नचिकेतने तिच्या हातावर पेढा ठेवला.

"इंदूताई, घडी झकास होती हो. फक्त पाय जाणवत नाहीत. वर राहिले असतील का?"

ती हसली. मूठ मिटेना. पेढा तळहातावर ओला होत गेला.

शाळेत टेबलावर पुढची छत्री उलगडलेलीच पडली होती; पांढरी, प्रचंड, पोरकी. खिडकीतून वारा यायचा, कापड क्षणभर फुगायचे, कुणीच खाली नसायचे. तिथेच टेकून इंदुमतीने अर्ज लिहिला:

'श्री. दाभोळे हे शाळेच्या नोंदीप्रमाणे अद्याप खाली आलेले नाहीत. तरी त्यांना आकाशातून उतरण्याची रीतसर परवानगी, शक्यतो पायांसह, मिळावी, ही नम्र विनंती.'