मागची पंगत

ऋतुमानाप्रमाणे जेवणाऱ्या माणसाला आयुष्यात औषध लागत नाही, असं हरिश्चंद्र सर जन्मभर सांगत आले. शाळेत मुख्याध्यापक असताना सांगितलं, निरोप समारंभात सांगितलं, देवगडला डॉक्टरांकडे नंबर लावून बसल्यावर शेजारच्यालाही सांगितलं. सांगून झालं की ते साखरेची गोळी घेत.

तरी त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. मिठबावच्या त्यांच्या घरात जेवण खरोखरच ऋतूप्रमाणे होई. आषाढात टाकळ्याची भाजी, गोकुळाष्टमीला शेगलाचा, म्हणजे शेवग्याचा, पाला आणि आंबोळ्या, तवशीची मोठी काकडी झाली की तिचं गोड धोंडस, थंडीत कुळथाची पिठी. सर फक्त ऋतू ओळखत. पाला खुडणं, फणसाच्या आठळ्या सोलणं, मे महिन्यात कोकमाची सोलं उन्हात घालून पावसाची बेगमी करणं, हे बाकीचं किरकोळ काम त्यांच्या पत्नी जानकीबाई करीत.

मग गेल्या उन्हाळ्यात जानकीबाई ऋतू विसरल्या. ऐन मे महिन्यात कातळावर टाकळा शोधायला गेल्या. सोलकढीत पुन्हा पुन्हा मीठ घातलं. सर ती प्यायले आणि 'मीठ जरा पुढे आहे' एवढंच म्हणाले. पण एकदा गॅस तसाच पेटता ठेवून त्या विहिरीवर गेल्या, आणि ही बातमी पुण्याला मुलापर्यंत पोचली. शौनकने फोनवरच आईचा स्वयंपाक बंद केला आणि फोनवरच निलेशला कामावर ठेवलं.

निलेश विजयदुर्गचा. गोव्याच्या मोठ्या हॉटेलात होता, जिथे भाताला वाटीत दाबून ताटात उभा करतात. वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत आला आणि किनाऱ्यावर बंगले बांधलेल्या पुण्या-मुंबईच्या लोकांकडे जाऊन स्वयंपाक करू लागला. स्वतःला पर्सनल शेफ म्हणवत असे. शेजारच्या बाबलीने पहिल्याच दिवशी त्याची उलटतपासणी घेतली.

"म्हणजे आचारीच मां?"

"आचारी लग्नात आसता, बाबलीकाका. मी एकाच घरात जेवण करतंय. ऋतूप्रमाणे, त्या माणसाच्या आवडीप्रमाणे."

"घरात आवडीप्रमाणे जेवण करता, तेका आमी बायको म्हणतो," बाबली म्हणाला. त्याला स्वतःला बायको नव्हती, त्यामुळे या विषयावर त्याची मतं स्पष्ट होती.

निलेशचा हात चांगला होता. अडचण एकच होती. जानकीबाई जेवत नव्हत्या. तो त्यांना टेबलाशी बसवी, केळीचं पान कापून त्यावर सुबक वाढी, हिरव्याशेजारी पिवळं, पिवळ्याशेजारी पांढरं. त्या पानाकडे पाहत, मग सरांकडे पाहत.

"तुमी जेवलात?"

"मी मग जेवतो. तू आधी घे."

त्या मान हलवीत, पानावर ताट उपडं घालीत आणि उठून स्वयंपाकघरात जात. निलेश त्यांना परत आणून बसवी. त्या परत जात. "काकी, चार घास तरी खावा गो," म्हणून तो गयावया करी. जुलै संपेपर्यंत बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या.

डॉक्टरांनी सांगितलं की वजन असंच उतरत राहिलं तर घरी ठेवून चालणार नाही. शौनकने पुण्यात विस्मरण झालेल्या वृद्धांसाठीच्या एका निवासी केंद्रात नाव घालून ठेवलं. "बाबा, चतुर्थीपर्यंत बघू," तो म्हणाला. "आम्ही येऊ तेव्हा आई जेवत असेल तर ठीक. नाहीतर सोबतच घेऊन जाऊ."

सर त्या दिवशी ओसरीवर बसून राहिले. जानकीबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना मुलाचं नाव आठवत नसे, आपलं माहेर कुठलं ते आठवत नसे. 'अहो' आठवत असे. तेवढ्या एका शब्दावर संसार चालू होता आणि सरांना तो बंद होऊ द्यायचा नव्हता. शिवाय चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हे त्यांना माहीत नव्हतं.

मग एका दुपारी वीज गेली.

त्या दुपारी जानकीबाईंनी नेहमीप्रमाणे पान नाकारलं. निलेश वैतागला, त्याने ते झाकून ठेवलं. सर, निलेश आणि सहज म्हणून केळी घेऊन आलेला बाबली, असे तिघे जेवले. बाबली घरी गेला, निलेश मागच्या पडवीत फोनवर बोलत बसला, सर डाव्या कुशीवर आडवे झाले. पंखा थांबला तसा त्यांना घाम फुटला, म्हणून ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

जानकीबाई पाटावर बसल्या होत्या. भाताचं टोप मांडीशी तिरकं धरलेलं. त्यातली करपलेली खरवड त्या चमच्याने खरवडत होत्या आणि कढईच्या तळाला राहिलेल्या काळ्या वाटाण्याच्या उसळीत कालवून खात होत्या. मोठे मोठे घास. सरांना पाहून त्यांनी टोपावर पदर ओढला.

"सगळे जेवले मां?" त्या म्हणाल्या. "बाबली जेवलो? मग मी घेतंय."

सर पाणी न पिताच उभे राहिले. लग्न झाल्यापासून रोज दुपारी या वेळी ते डाव्या कुशीवर असत. बायको जेवते हे ते धरून चालले होते, पृथ्वी फिरते हे धरून चालतो तसं. दोन्ही प्रत्यक्ष बघायचा प्रसंग आला नव्हता.

निलेश आत आला आणि त्याने ते पाहिलं. "ह्यां असां आसा तर," तो म्हणाला. "मागसून जेवूची सवय. आणि मी त्येंका मेलो पयल्या पंगतीक बसवतंय."

दुसऱ्या दिवसापासून घराची पद्धत बदलली. म्हणजे होती तशी झाली. पुरुष आधी जेवू लागले. बाबली जेवल्याशिवाय जानकीबाईंचं समाधान होत नसे, त्यामुळे बाबली हे औषध ठरलं आणि रोज दुपारी वेळेवर घेतलं जाऊ लागलं. "सरानू, आज काय बेत?" असं कुंपणापासूनच विचारीत तो येई. सरांना मात्र जड गेलं. भांड्यात काही ठेवायचं असतं ही त्यांना नवी माहिती होती. आंबोळीसाठी हात पुढे जाई आणि मग ते तो पाण्याच्या तांब्याकडे वळवीत.

सगळ्यात हाल निलेशचे झाले. जानकीबाईंसाठी तो ताजं, पौष्टिक असं वेगळं रांधी, शेगलाच्या पाल्यात मूठभर खोबरं जास्त घाली, आणि मग ते सगळं उरल्यासारखं दिसावं म्हणून कढईच्या तळाला आणि काठांना फासून ठेवी. हॉटेलात त्याला ताटाच्या कडा पुसायला शिकवलं होतं.

एक गोष्ट राहिली होती. शौनकला रोज आईच्या रिकाम्या ताटाचा फोटो लागे. मांडीवर कलंडलेल्या टोपाचा फोटो पाठवणं निलेशच्या जिवावर आलं.

"खरां काय तां सांगूया मां शौनकदादाक," तो म्हणाला.

"मी सांगेन. सवडीने," सर म्हणाले. "तोवर माझं ताट पाठव. रिकामं ताट कोणाचं ते कळत नाही."

सवड झाली नाही. कारण शौनकची बायको अवनी. महिला दिनाला तालुक्यात भाषणासाठी सरांनाच बोलावत, आणि स्वयंपाकघरातली गुलामगिरी हा त्यांचा ठेवणीतला विषय होता. लग्नाआधी अवनीने त्यातलं एक भाषण मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं. सासर आवडायला तिला तेवढं पुरलं. जानकीबाई त्या भाषणाला नव्हत्या. त्या दिवशी सभेनंतर पाहुणे जेवायला यायचे होते.

जानकीबाईंचं वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले, छान, जे चाललंय तेच चालू ठेवा.

चतुर्थीला शौनक आणि अवनी आले. अवनी वाईट नव्हती, हीच खरी अडचण होती. गणपतीला नैवेद्य दाखवून झाल्यावर तिने सासूला हाताला धरून टेबलाच्या मधोमध बसवलं. "आजपासून आधी आई. त्यांनी घास घेतल्याशिवाय कुणी सुरुवात करायची नाही."

जानकीबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी जानकीबाईंकडे पाहिलं. त्या इतरांची वाट पाहत होत्या आणि इतर त्यांची. वडे गार झाले. निलेश दाराशी उभा राहून सरांकडे बघत होता, आणि सर ताटातल्या वाटाण्याकडे. शेवटी अवनीने घास करून त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. जेवण उरकल्यावर अवनीने स्वतः उरलंसुरलं फ्रीजमध्ये टाकलं आणि भांडी लगोलग घासून पालथी घातली. निलेशला तिने हात लावू दिला नाही. रोज असंच चाललं. गौरी आल्या, गौरी गेल्या. बांगड्या पुन्हा सैल झाल्या.

गणपती जायच्या आदल्या दुपारी निलेशने एक टोप चोरून मागच्या पडवीत ठेवलं. थोड्या वेळाने अवनी कपडे वाळत घालायला तिकडे गेली आणि तिथूनच ओरडली. सगळे धावले. जानकीबाई भिंतीला टेकून, काळ्या बुडाचं टोप पोटाशी धरून खात होत्या.

"हे देता तुम्ही आईंना?" अवनीच्या डोळ्यांत पाणी होतं. "खरवड? जनावरासारखं, दाराआड?"

"वैनी, त्येंका सगळ्यांच्या मागसून जेवूची सवय आसा. आयुष्यभराची. तशाच त्या जेवतत. खोटां वाटात तर सरांका विचारा."

"मग ती फोटोतली ताटं कोणाची?" शौनक म्हणाला.

निलेशने सरांकडे पाहिलं. शौनक वडिलांकडे वळला. "बाबा, आई नेहमी अशीच जेवायची? तळाचं, उरलेलं? तुम्हाला माहीत होतं?"

सरांना एक वाक्य बोलायचं होतं. ते त्यांच्या नेहमीच्या वाक्यांपेक्षा लहान होतं. त्यांनी अवनीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे, मागच्या खुर्चीवरून पाहावं तशी, विश्वासाने पाहत होती.

"काहीतरीच," सर म्हणाले. "आपल्या घरात असलं कधीच नव्हतं."

भिंतीकडून आवाज आला, "अहो, तुमी जेवलात?"

निलेशने संध्याकाळी आपले सुरे गुंडाळले. जाताना त्याने सरांना नमस्कार केला, आणि तो सरांनी घेतला. बाबली रस्त्याच्या तिठ्यापर्यंत त्याच्याबरोबर गेला. "माजां पण जेवण गेलां मां रे," तो म्हणाला, आणि त्या दिवसात सरळ बोललेला तो एकटाच असावा.

विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी गाडी निघाली. जानकीबाईंना मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "अहो, तुमी?"

"येतो गो," सर म्हणाले. "तू हो पुढे."

त्यांना कधी कुठे पुढे व्हायची सवय नव्हती. त्या मान मागे वळवून बघत राहिल्या, वळण येईपर्यंत.

सरांना आता तिठ्यावरच्या खानावळीतून डबा येतो. त्यात बारा महिने बटाटा असतो. डबा ते संपवत नाहीत, तळाशी थोडं ठेवतात. मग ते मांजर खातं. पुण्याहून शौनक कळवतो की आई बरी आहे, पण जेवत नाही, आता नळीचा विचार चाललाय.

नळीचं ऐकल्यावर सरांनी केंद्रात स्वतः फोन लावला. दिव्या नावाच्या कुणा मुलीने घेतला. सर उभे राहून बोलले. जे मुलाला सांगता आलं नाही ते त्यांनी तिला सगळं सांगितलं: ही आधी जेवत नाही, कधीच जेवलेली नाही, मी आधी जेवायचो, ती मागून, भांड्यातलं, आणि हे मला माहीत नव्हतं, म्हणजे माहीत असायला हवं होतं. तेव्हा एवढंच करा, बाकीच्यांची जेवणं उरकू द्या, मग तिच्यापुढे नुसतं टोप ठेवा. तिला कुणी वाढू नका.



"सर," दिव्या म्हणाली, "आमच्याकडे जेवण बाहेरून येतं. प्रत्येकाचं सीलबंद ताट असतं. भांडी नसतातच."