दुर्गाबाईंनी सांगितलेला नंबर

"म्याडम, टीव्हीवर दिसून राह्यलं ना? मंग झालं. तुमच्या परसवाड्याच्या शाळेतून कसं दिसन? ये सब बंबई-दिल्ली में होता है," कॅमेरे बसवून झालेला टिकाराम शिडी मिटत म्हणाला.

ओवीला कडेवर सावरत श्रियानं कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं माहितीपुस्तक तेवढं त्याच्या हातातून काढून घेतलं.

कॅमेरे घ्यायचं संकेतनं, तिच्या नवऱ्यानं, चोरांच्या भीतीनं ठरवलं होतं. तो मलाजखंडच्या खाणीत, फक्त शनिवार-रविवार घरी. श्रियाला चोरांचं एवढं नव्हतं. ती परसवाड्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. सकाळच्या बसनं बालाघाट सोडायचं ते दिवेलागणीला परतायचं, आणि अकरा महिन्यांची ओवी दिवसभर बाईजवळ. आधीची बाई पोरीला घरात ठेवून, बाहेरून कडी लावून बाजारात गेली होती. शेजारणीनं ते सांगितल्यापासून श्रियाला शिकवता शिकवता फळ्यावर ती कडीच दिसायची.

तीन रविवार ती त्या पुस्तकाशी झोंबली. शाळेतून इंटरनेटवर घर दिसायचं, तर बाहेरून येणाऱ्याला मोडेममधून रेकॉर्डरपर्यंत वाट काढून द्यायची होती, आणि ती कुठून काढायची हे पुस्तकात धड नव्हतं. चौथ्या रविवारी ओवीला संकेतकडे देऊन ती काली पुतली चौकातल्या सायबर कॅफेत गेली. घरच्या मोडेमचा नंबर टाकला. पडदा बराच वेळ काळा राहिला, आणि मग तिच्याच घरात, तिचाच नवरा ओवीला उलटा झगा घालताना दिसला.

"उघडलं!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारची पोरं वळून पाहायला लागली. घरी जाताना ती मुद्दाम टिकारामच्या दुकानावरून गेली. दुकान बंद होतं. तरी ती मान ताठ ठेवूनच गेली.

एक खोट मात्र राहिली. दोन हजार आठ साल. रोज अकरा ते एक लाईट जायची. परत आली की मोडेमला नवाच नंबर मिळायचा. तो घरच्या कॉम्प्युटरवर वाचून कुणीतरी फोनवर सांगितला, तरच शाळेतून घर दिसणार. आणि घरात होत्या नव्या बाई, दुर्गाबाई.

त्यांना हे सांगताना श्रियाची जीभ अडखळली. दुर्गाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या.

"म्हंजे मले पाहाले तुमाले चावी मीच देऊ?"

"तसं नाही हो, दुर्गाबाई..."

"तसंच हाये ना ताई. पन देईन. वीस वर्सं राइस मिलच्या काट्यावर पोत्याचं वजन बोलली मी. मुनीम मान वर न करता लिवत जाये. एक आकडा चुकला नाही माझा."

तेव्हापासून रोज एक वाजून पाच मिनिटांनी श्रियाचा मोबाईल वाजायचा. "लिवा ताई. पाच, नऊ, टिकली. नऊ, पाच, टिकली..." आकड्यांमधल्या टिंबाला त्या टिकली म्हणत. आवाज असा खणखणीत, की मशीन चालू असतानाही मिलभर ऐकू जावा. लाईट आलीच नाही असं एखाद्या दिवशी त्या सहज म्हणू शकल्या असत्या. कधी म्हटलं नाही.

आणि एका गुरुवारी फोन आला नाही. एक वाजून दहा. वीस. श्रियानं बॅग खांद्याला लावली. दीडची बस मिळाली असती. निघता निघता तिनं घरी फोन लावला. दोनदा नुसता वाजला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"दुर्गाबाई! नंबर काहून नाही सांगितला? लाईट नाही आली का?"

"आली ना, केव्हाचीच. जेवून राह्यली मी."

"आणि ओवी?"

"निजली. आज लय वेळ लावला तिनं, म्हून माझं जेवण राह्यलं. रोज लाईट नसते तवा जेवून घेतो मी."

"मग आधी नंबर सांगा, नंतर जेवा."

"नाही ताई." आवाज चढला नाही, पण हललाही नाही. "लेकराले कशी भरवतो, कशी निजवतो, सारं पाहा. माझ्या ताटात नका पाहू. मिलमंधी मालकबी पाहत नव्हता."

"अहो, मग स्वयंपाकघरात बसत जा की जेवायला. तिथं कॅमेरा नाही."

"अन् हिले कोन पाहीन?"

"धा मिनटं थांबा. देतो," म्हणून दुर्गाबाईंनी फोन ठेवला.

श्रियानं बॅग खांद्यावरून काढली. बाहेर बस हॉर्न देऊन निघून गेली. सातवीची मुलं आत येऊन दोघं-दोघं एका कॉम्प्युटरसमोर बसली. दहाची पंधरा मिनिटं झाली. मोबाईल समोरच होता. तिनं हात लावला नाही. कुणी जेवत असताना दारात थांबावं, तशी ती थांबली.

मोबाईल वाजला.

"लिवा ताई."

तिनं लिहिलं. एकेक आकडा, एकेक टिकली. दुर्गाबाईंनी विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," श्रिया म्हणाली. रोज दाखवायची तसं परत वाचून दाखवलं नाही.

चित्र अडखळत उघडलं. पाळण्यातून ओवीचा एक पाय बाहेर आलेला. खाली जमिनीवर दुर्गाबाई पाळण्याची दोरी धरून बसलेल्या. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, कुणी बघतंय हे ठाऊक असल्यासारखी पाठ ताठ, भिंतीपासून चांगली वीतभर पुढे.