पातळ झालेलं पांढरं

आमच्या ह्यांना कुणाला काही विचारायचं म्हणजे कमीपणा वाटतो. पोल्ट्रीचं खाद्य ते स्वतःच मिसळतात: मका, पेंड, शिंपल्यांचा चुरा आणि फॉस्फेट. मध्यंतरी खाद्यात घालायचं फॉस्फेट दुकानात मिळेना, तर पठ्ठ्याने शेताला टाकायच्या खताची पोती उचलून आणली.

"फॉस्फेट ते फॉस्फेट! कोंबडीला काय कळतंय?"

कोंबड्यांना बरोबर कळलं. अंडी घटली, आणि ताटलीत अंडं फोडलं की पांढरं पाण्यासारखं पसरायला लागलं. उन्हाळ्यामुळे होतंय, असं हे ठणकावून सांगत राहिले. मी हात टेकले आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी खाद्याच्या मिक्सरशेजारचं पोतं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो काका, हे खत आहे! ह्यात व्हॅनेडियम, कॅडमियम असले विषारी धातू असतात. खाद्याचं फॉस्फेट ते काढून मग विकतात. हे आत्ताच्या आत्ता बंद. अंडी विकायची नाहीत."

"कोंबड्या वाचतील ना?" मी विचारलं.

"वाचतील, पांढरंही हळूहळू घट्ट होईल. पण घरात ही अंडी कोण खातं?"

बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीकडे मी पाहिलं. तिला सातवा महिना. रोज दोन अंडी खायची ती, नको नको म्हणत असताना मीच भरवलेली.

तिचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत ह्यांना घास गिळवेना. शेडमध्ये जाऊन नुसते बसून राहायचे. मी मनात शिव्या साठवत होते. एकदा रिपोर्ट येऊ दे, मग ह्यांच्याकडे बघतेच.

दवाखान्यात लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. "सगळं ठीक आहे. काळजीचं काही नाही. बाळही छान वाढतंय."

माझ्या जिवात जीव आला. ह्यांना झापायला मी तोंड उघडलं, तर हे भिंतीला टेकून उभे, डोळे घळाघळा वाहताहेत. शिव्या कुठल्या कुठे गेल्या. चारचौघांत मी त्यांचा हात धरला. लग्नातही इतका घट्ट धरला नसेल.

"बाई, परत एकदा वाचता का?" हे म्हणाले.

बाईंनी परत वाचलं. लेक हसायला लागली, "बाबा, पुरे की आता!"

ह्यांचं पुरे झालं होतं. मीच म्हटलं, "अजून एकदा वाचा."