मुकं बटन

शी! आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट सांगताना माह्या तोंडाची चव जाते. पण पोटात ठेवली तर तिथंच कुजेल, म्हणून सांगून टाकते.

मी दीक्षा. दिवसा अमरावतीले एका चष्म्याच्या दुकानात बसते, बाकीच्या वेळात बेंजो वाजवते. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटनं असलेलं तारांचं वाद्य. डाव्या हातानं बटन दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. आमच्याकडं मिरवणुकीत गाडीवर ठेवून वाजवतात. माहे बाबा, मोतीराम, यांनी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तीस वर्षं तोच बेंजो वाजवला. एक धून त्यांची स्वतःची होती. त्या धूनमध्ये एका जागी लागणारं बटन मेलेलं होतं. दाबलं तरी तारेले टेकायचं नाही, नुसतं खट् व्हायचं. दुरुस्ती काही जमली नाही, म्हणून बाबा त्या जागी उजवा हात वर उचलून घ्यायचे. दोन मात्रा कोऱ्या जायच्या. लोकायले वाटलं, हे मुद्दाम केलं आहे. मग त्या कोऱ्या जागेत सगळी वस्ती एक टाळी मारायले लागली. एकच टाळी, हजार हातांची. मी बाबांच्या गाडीवर बसून ती ऐकत लहानाची मोठी झाली.

सहा वर्षांमागं रोहितनं ती धून ऐकली. रोहित गिटार वाजवतो, त्याच्या वडलांचा, गोवर्धन काकांचा, भाजीचा ठोक धंदा आहे. तो म्हणाला, "दीक्षा, या रिकाम्या जागेवरच बँड उभा करू आपण. गाणारा नाही, शब्द नाही. नुसते वाद्य." बँडचं नाव त्यानंच ठेवलं, मुकं बटन. माह्या बेंजोच्या पेटीच्या झाकणात आतून मार्करनं त्यानंच लिहिलं, 'गाणारा नाही. शब्द नाही.' खाली आमच्या दोघांच्या सह्या. आता ते झाकण उघडलं की मले त्याच्या अक्षराचीसुद्धा किळस येते.

तेव्हा आमी चौघं होतो. बेसवर ललित, ड्रमवर शालिकराम. फिरायचो गोवर्धन काकांच्या छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत. भाजी उतरवली की आमी चढायचो. सडक्या कोबीचा वास कसा असतो, हे तुमाले माहीत असेल, पण त्याच्यावर बसून वरूडपर्यंत जाणं माहीत नसेल. वरूडले संत्र्याच्या व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात आमाले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं अन् अध्यक्ष उठून म्हणाले, "वाजवणारे तं आले, गाणारा काऊन नाही आला? बिमार हाये का?" हिवरखेडले तर कहरच झाला. 'बँड' हा शब्द ऐकूनच त्यांनी आमाले बोलावलं होतं. गावात शिरलो तं नवरदेव घोड्यावर बसून आमची वाट पाहून राहिला होता! शालिकरामनं ड्रम रस्त्यावर मांडला, आमी उभ्याउभ्या वाजवलं, घोडं बिथरलं, अन् नवरदेवाच्या मामानं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तरी परतीच्या वाटेवर आमी चौघं हसून हसून लोळलो. ते दिवस चांगले होते.

मग गळती लागली. ललित तलाठी झाला. त्याचं काय चुकलं? नोकरी लागली, पोरगा गेला. त्याच्या जागी बेस आलाच नाही, रोहितनं लॅपटॉप आणला. मग म्हणे शालिकरामचा ड्रम गाडीत लय जागा खातो. त्याले फोनवर सांगतलं, समोर बसून नाही. पाच वर्षं ज्याच्या डब्यातली भाकर खाल्ली त्याले फोनवर! मी रोहितले म्हटलं, "तुले लाज वाटते का?" तो म्हणाला, "दीक्षा, प्रॅक्टिकल हो ना जरा." अन् मी झाली प्रॅक्टिकल. गप बसली. इथून माही स्वतःची घाण सुरू होते, तेही सांगते.

पावसाळ्यानंतर रोहित म्हणाला, "ती गॅप भरून काढू. मोबाइलवर ऐकणाऱ्याले वाटते नेट अटकलं." मी भांडली. चांगले दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी त्या दोन मात्रांत दोन सूर भरले. माह्या बेंजोचं ते बटन तं शाबूत होतं, दाबलं की वाजायचं. तीन महिने आमी तसाच सराव केला. बाबांना मी काही सांगतलं नाही. मग रागिणी आली. बी.ए.ले आहे, गळा गोड, पोरगी साधी. "नुसता आकार घेईल, शब्द नाही," रोहित म्हणाला. मी पुन्हा गप. मुंडी हलवायची सवय लागली की मान दुखत नाही.

आता अकोल्याचं ऐका.

अकोल्याले एका मैदानावर युवा महोत्सव होता, भर दुपारी. बाबा म्हणाले, "मी येतो. लय दिवस झाले, माही धून स्टेजवर ऐकली नाही." त्यांना समोर ड्रायव्हरजवळ बसवलं. मी मागं, कोबीच्या वासात, अन् एकच गोष्ट ठरवून बसली होती. आज ती जागा कोरी सोडायची. बाबा समोर बसतील, टाळी मारतील. बस, एवढंच पाहिजे होतं मले.

मैदानावर उतरलो अन् डोकंच सणकलं. चहूकडं एकच नाव, गबरू. गबरू पानमसाला. बॅनरवर मात्र 'गबरू इलायची' लिहिलेलं, जसं काही लोक भाजीत टाकायले नेतात! स्टेजच्या मागं भिंत लाल, पायऱ्या लाल, हात धुवायचा नळ लाल. वायर ओढायले वाकली तर हात कोणाच्या तरी ताज्या पिचकारीत. छ्या! साबण मागतला तं एकानं मले गबरूची पुडीच पुढं केली. अन् इथं मी बाबांना आणलं होतं, ज्यांना तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटायले चार वर्षं लागली. तोंडात पांढरा चट्टा निघाला तेव्हा डॉक्टरनं धमकावलं, तेव्हा कुठं सुटला. अजून त्यांचं तोंड पुरतं उघडत नाही.

रोहित हसत आला. "एक छोटंसं काम हाये. स्पॉन्सरले त्याचं नाव एकदा पाहिजे. गाणं नाही, एकच शब्द. रागिणी म्हणेल."

"कुठं?"

"आता जागा तं हायेच ना आपल्याकडं. त्या दोन मात्रांत."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "रोहित, ते नाव त्या जागेत आलं तं मी तिथंच वाजवणं बंद करीन."

"बरं बाई, नाही टाकत. खुश?" त्यानं कानाले हात लावला. मी विश्वास ठेवला. सहा वर्षांत त्याले ओळखलं नव्हतं असं नाही, पण ठेवला.

निवेदकानं आमचं नाव 'मुका बटन' असं घेतलं. मागून पोट्टे ओरडले, "मुका दे, मुका दे!" हे आमाले रोजचंच आहे. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, स्वच्छ पांढरा सदरा घालून. धून सुरू झाली. जागा जवळ आली. बाबांनी दोन्ही हात वर घेतले, टाळीसाठी. मी उजवा हात उचलणार, अन्...

नाही उचलला. हातानं ऐकलंच नाही माहं. तीन महिन्यांचा सराव होता तो. बोट आपोआप बटनावर गेलं, दोन्ही सूर वाजले, अन् त्यांच्यावर रागिणीचा गोड आवाज आला, "गऽबरूऽ!"

बाबांचे हात तसेच हवेत राहिले. मग त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवले अन् हातांकडंच पाहत बसले.

रागिणीकडं पाहिलं तं ती बिचारी माह्या तोंडाकडं पाहून घाबरली. तिले रोहितनं 'दीक्षाताई हो म्हणाली' असंच सांगतलं होतं, हे मले मागाहून कळलं. रोहित डोळे मिटून गिटार वाजवून राहिला होता. मले त्याचा राग आलाच, पण खरी किळस आली ती माह्या बोटांची. ही माहीच बोटं! यांना कोणी पैशानं नाही, सरावानं विकत घेतलं. धून दुसऱ्यांदा यायची होती, मधात रोहितचा लांबलचक सोलो होता. स्पॉन्सरले नाव एकदाच पाहिजे होतं, ते होऊन गेलं, आता जागा कोरी जाईल असं मले वाटलं. तारा कसायची पक्कड माह्या पेटीत असते. मी ती काढली अन् त्या बटनाखालची पट्टी धरून वाकडी केली. पुन्हा एकदा पिळली. आता दाबलं तरी टेकणार नाही. आता माह्या हातांची मर्जी चालणार नाही, बटन बाबांच्या बेंजोसारखंच मुकं.

दुसऱ्यांदा ती जागा आली. बोट गेलंच, सवयीनं. खट्. बेंजो गप्प. लॅपटॉपचे ढोलही तिथं थांबतात, रोहितचंही तिथं काही नव्हतं. सगळ्या मैदानात दोन मात्रांची शांतता झाली.

अन् त्या शांततेत, एकदम मोकळं, एकदम स्वच्छ, "गऽबरूऽ!"

आधी ते नाव माह्या सुरांखाली दबून तरी आलं होतं. आता त्याले मीच सतरंजी अंथरून दिली. मैदान ओरडलं. मागचे पोट्टे पुढच्या फेरीची वाट न पाहता म्हणायले लागले, गऽबरूऽ, गऽबरूऽ.

स्टेजवरून उतरलो तं कंपनीचा माणूस, खुशालराव, धावत आला. तोंडात तोबरा, बोटात तीन अंगठ्या. त्यानं आधी कोपऱ्यात पिचकारी मारली, मग बोलला. "वा! पहिल्या टायमाले नाव ऐकू नाही आलं. दुसऱ्या टायमाले बाजा बंद करून जे नाव घेतलं ना, काटा आला अंगावर! हेच फायनल ठेवा. पूर्ण वऱ्हाडात फिरवतो तुमाले."

रोहितनं माह्या खांद्यावर हात टाकला. "दीक्षाची आयडिया हाये, साहेब."

मी त्याचा हात झटकला. "माही आयडिया? थू तुया आयडियावर! शालिकरामले काढलं तेव्हाच तुया तोंडावर थुंकाले पाहिजे होतं मी." तो म्हणाला, "लोकांसमोर तमाशा नको करू. तू नाही तं दुसरा बेंजोवाला पाहू आमी, गॅप तं आता फेमस झाली." खरंच म्हणाला असं. खुशालराव आमच्या दोघांकडं पाहून हसत होता, त्याले वाटलं आमी नवराबायको आहो. मी पेटीचं झाकण उघडून रोहितसमोर धरलं. त्यानं स्वतःचं अक्षर वाचलं, अन् म्हणाला, "लहान होतो यार तेव्हा." झाकण बंद केलं, बाबांना हाताले धरलं अन् ऑटोनं सरळ स्टँडवर गेली. लाइनअपमधून गळायची माही पाळी होती, एवढंच.

अमरावतीची लालपरी लगेच मिळाली. पेटी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसली, बाबा बाजूले. माफी मागायची होती, पण शब्द काही सापडले नाहीत. इतकी वर्षं शब्दांशिवाय वाजवण्याची फुशारकी मारली होती ना!

अकोला मागं पडलं अन् बाबा गुणगुणायले लागले. तीच धून. माहा जीव थोडा भांड्यात पडला. म्हटलं, चला, यांच्याजवळ तरी ती आहे. धून पुढं सरकली, त्या जागेजवळ आली. बाबा थांबले. अन् बारीक आवाजात, त्या अर्धवट उघडणाऱ्या तोंडानं म्हणाले, "गबरू."

मग स्वतःच दचकले. हसले. "सालं तोंडात बसलं बेटा."

खिडकीतून डोकं बाहेर काढून मी वारा घेतला. त्या तोंडात! ज्या तोंडातून तो चिखल काढायले चार वर्षं लागली, त्यात ते परत जाऊन बसलं, अन् ते नेऊन बसवणारी मी.

"बाबा, पुन्हा म्हणा," मी म्हटलं.

"काहून?"

"म्हणा तुमी."

त्यांनी पुन्हा धून धरली. जागा आली अन् त्यांचे ओठ हलायच्या आत मी जोरात टाळी मारली. कंडक्टरनं मान वळवून पाहिलं. तरीही ते नाव आलंच. "पुन्हा," मी म्हटलं. पुन्हा धून, पुन्हा टाळी, पुन्हा ते नाव. पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, "पोरीले काही झालं काय हो?" बाबा म्हणाले, "नाही हो, सराव करून राहिली."

बोरगाव मंजूपर्यंत ते दर वेळी आलं. नंतर एखाद्या वेळी अडखळलं. मूर्तिजापूर यायच्या आधी एकदा बाबांनी धून धरली, जागा आली, अन् त्यांनी तोंड घट्ट मिटून स्वतःच टाळी मारली. एकच. नाव नाही आलं. बाबांनी माह्याकडं पाहिलं, लहान पोरानं पाढा बरोबर म्हटल्यावर पाहावं तसं. मीही मान हलवली, हो, बरोबर.

त्यांना कसं सांगू? त्यांच्या त्या टाळीखाली, माह्या डोक्यात, ते नाव आलंच होतं.