दोन गिऱ्हाइकांचं एकच पैंजण

मुलांनो, डोळे मिटा आणि हुपरीतलं एक घर मनात आणा. पुढच्या खोलीत चांदीची पैंजणं घडतायत, ठोकाठोकीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, आणि कोपऱ्यात सातवीतली ऐश्वर्या कॉम्प्युटरपुढे डोकं धरून बसली आहे.

तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. गिऱ्हाइकाने नक्षी निवडायची, लांबी सांगायची, की पडद्यावर त्याचं पैंजण तयार. प्रत्येक नक्षीचा एक क्लास होता, म्हणजे ते पैंजण कसं घडवायचं याचा आराखडा. सगळ्या नक्ष्यांची एक यादीही होती. दुपारी मंगळवार पेठेतले पैंजणांचे दुकानदार आप्पासोकाका येणार होते. प्रोग्रॅम नीट चालला, तर तो त्यांच्या दुकानात लागणार होता.

पण पूर्णिमा नावाच्या गिऱ्हाइकासाठी नऊ इंची मोरपंखी नक्षीचं पैंजण आणि अनुजा नावाच्या दुसरीसाठी दहा इंची मोरपंखी मागितलं, तर दोन्ही दहा इंची! अनुजाचं अकरा केलं, तर पूर्णिमाचंही अकरा.

"मावशी, ह्यात भूत हाय!" ऐश्वर्या ठोकाठोकीच्या वरताण ओरडली.

"भूत न्हाय, तुझं डोस्कं हाय त्यात," जुनी कारागीर बाळाबाई हसली. तिने डब्यातून ठसा काढला, चांदीच्या पट्टीवर ठेवून हातोडी मारली. एक पान उमटलं. पुन्हा मारली, दुसरं पान. ठसा होता तसाच.

ऐश्वर्या बघतच राहिली. "मावशी, डब्यात ठशाऐवजी घडवलेलं पैंजणच ठेवलं तर?"

"मग काय, येईल त्याच्या हातात त्येच दे की! एकीसाठी वाढवलंस, की सगळ्यांचं वाढलं."

ऐश्वर्या यादीकडे वळली. तिथे क्लासच्या नावापुढे तिने दोन कंस टाकले होते. कंस म्हणजे 'घडव'. म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच एक मोरपंखी घडायचं आणि तेच सगळ्यांना मिळायचं. तिने कंस पुसले. यादीत नुसता क्लास उरला, डब्यातल्या ठशासारखा. कंस तिने मागणी घ्यायच्या ओळीत नेले. यादीतून जो क्लास हाती येईल, त्याचं पैंजण आता तिथे, त्या वेळी घडणार होतं. नऊ नऊच राहिलं, दहा दहाच.

तेवढ्यात काका आले, पडद्यावरची यादी वाचली. "काय गं इंजिनियर? ही घे, कळीदार नक्षी. तुझ्या यादीत न्हाय. आता समदं परत लिहिणार व्हय?"

ऐश्वर्याने प्रोग्रॅम पुन्हा वाचला. मागणीच्या ओळीत तर एकाही नक्षीचं नाव नव्हतं. मग तिने कळीदारचा क्लास लिहिला, यादीत एक ओळ वाढवली, बिनकंसाची. मागणीच्या ओळीला हातही लावला नाही. आणि कीबोर्ड काकांपुढे सरकवला.

"काका, लांबी तुम्हीच टाका."